परवानगीवाचून खणलेली विहीर

एकदा एका रंगाऱ्याने आपल्या परसात विहीर खणली. पाणी लागले, गोड लागले, आणि त्या पाण्याचा आनंद त्याला पुरते पंधरा दिवसही लाभला नाही.

त्याचे नाव निवृत्ती. एका लहानशा संस्थानाच्या राजधानीत, नदीपासून बऱ्याच दूरच्या आळीत तो राहत असे. नीळ, हळद, मंजिष्ठ अशा रंगांत लुगडी आणि पासोड्या बुडवून वाळत घालणे हा त्याचा पिढीजात उद्योग. त्याला पाणी फार लागे. रोज नदीवरून घागरी वाहून त्याच्या बायकोची, ठकूबाईची, मान दुखू लागली, तेव्हा त्याने मनाशी ठरवले आणि पहार हाती घेतली.

त्या नगरात एक जुना नियम होता. सार्वजनिक आडापासून दोनशे हातांच्या आत कोणी नवी विहीर खणू नये, आणि खणायची झाल्यास दरबारची लेखी परवानगी घ्यावी. निवृत्तीला हा नियम ऐकून ठाऊक होता. पण परवानगीला सहा महिने लागतात असेही त्याने ऐकले होते. आपले परस आडापासून दोनशे हात असेलच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती समजूत खरी नाही, हेही त्याला आतून कळत होते.

उन्हाळा वाढला तसे आडाचे पाणी खाली गेले. बायकांच्या पोहऱ्यात गाळ येऊ लागला. कोणीतरी निवृत्तीच्या परसाकडे बोट दाखवले, कोणीतरी चावडीवर तक्रार दिली, आणि एके सकाळी दरबारचा शिपाई त्याच्या दारात कागद देऊन गेला. कागदावर शिक्का होता. निवृत्तीला थोडेफार वाचता येत असे. पण शिक्का पाहिल्यावर त्याला एकही अक्षर लागेना.

त्याच नगरात एक वृद्ध न्यायशास्त्री राहत असत. अनेक वर्षे दरबारात न्यायदान करून ते आता निवृत्त झाले होते, आणि घरी एका शिष्याला कायदा शिकवत होते. नगरातले लोक अडचणीत सापडले की त्यांच्या ओसरीवर येत. निवृत्तीही आला. परंतु शास्त्रीबुवा त्या दिवशी एका वाटणीच्या तंट्यासाठी परगावी गेले होते. ओसरीवर शिष्य एकटाच बसला होता.

शिष्य पंचविशीतला, बुद्धीने तल्लख. दोन वर्षांत त्याने पुष्कळ पाठ केले होते. परंतु त्याचा सल्ला अद्याप कोणी मागितला नव्हता. निवृत्तीने हात जोडून कागद पुढे केला तेव्हा त्याला आतून बरे वाटले.

"महाराज, यात काय लिहिलंय ते जरा बघता का? परवा मोजणीदार येणार म्हणून शिपाई सांगून गेला."

शिष्याने कागदावरून नजर फिरवली. "विहीर परवानगी घेऊन खणली का?"

"नाही."

"नियम माहीत होता?"

निवृत्ती कागदाकडे पाहत म्हणाला, "ऐकून होतो."

"म्हणजे जाणूनबुजून कायदा मोडलात," शिष्य म्हणाला. "कायदा मोडणारा तो गुन्हेगार. मोजणी होऊ द्या, अंतर कमी भरलं की पुढचं काम कोतवालाचं."

"कोतवालाचं म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे."

निवृत्तीचा चेहरा उतरलेला शिष्याने पाहिला. आपल्या दोन वाक्यांनी एक प्रौढ मनुष्य असा खचतो, याचे त्याला नवल वाटले. आणि खरे सांगायचे तर थोडे सुखही वाटले. शास्त्रीबुवा परत येईपर्यंत थांबा, असे तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

निवृत्ती घरी परतला तो बदललेला मनुष्य म्हणून. लहानपणी त्याने एका दरोडेखोराची धिंड पाहिली होती. कमरेला दोर, पायांत बेडी, आणि मागे हुर्यो करणारी पोरे. त्या पोरांत निवृत्तीही होता आणि त्यानेही एक खडा मारला होता. आता डोळे मिटले की त्याला तीच वाट दिसे, आणि दोराच्या टोकाला तो स्वतः असे.

"अहो, काय म्हणाले शास्त्रीबुवा?" ठकूबाईने विचारले.

"भेटले नाहीत," एवढेच तो म्हणाला.

त्या दोन दिवसांत त्याच्या हातून एकही काम धड झाले नाही. निळीची एक नांद नासली. दारापाशी कोणी खाकरले तरी तो दचके. शेजारचा कुंभार सहज चौकशी करायला आला, त्याला निवृत्तीने, घरात असूनही, आपण नाही असे ठकूबाईकडून सांगवले. विहिरीवर त्याने फळ्या टाकल्या, फळ्यांवर कडबा पसरला आणि कडब्यावर वाळवणाचे बांबू रचले. रचून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण लपवत आहोत. मग आडाजवळचा हद्दीचा दगड, ज्यापासून मोजणी धरत तो, चाळीस-पन्नास हात पलीकडे सरकवता येईल का, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. भर दुपारी तो त्या दगडापर्यंत जाऊनही आला. दगड मोठा होता, आणि आडावर बायका होत्या.

इतकी वर्षे ज्याने कोणाचे एक चिंधूकही ठेवून घेतले नव्हते, तो मनुष्य हे सारे करत होता. त्याला त्याचे फारसे वाईटही वाटत नव्हते. मी गुन्हेगारच आहे, असे त्याला सांगण्यात आले होते. गुन्हेगार असेच करतात.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मोजणीदार आला. विसाजीपंत त्याचे नाव. साठीकडे झुकलेला, किडकिडीत, डोळ्यांनी अधू. त्याचा जोडीदार तापाने आजारी होता म्हणून तो एकटाच आला होता. त्याने साखळीचे एक टोक निवृत्तीच्याच हाती दिले. दोघांनी मिळून आडापासून परसापर्यंतचे अंतर मोजले. ते एकशे चाळीस हात भरले. विसाजीपंताने आकडा टिपून घेतला.

"विहीर कुठे आहे?"

निवृत्तीने बांबूंकडे बोट केले. विसाजीपंताने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि स्वतःच कडबा बाजूला सारू लागला. निवृत्तीने फळ्या उचलल्या. विहिरीला अजून कठडा नव्हता, काठाची माती ओली होती. विसाजीपंत काठावर उकिडवा बसला, शिसे बांधलेली दोरी त्याने आत सोडली आणि डोळे बारीक करून तो खाली पाहू लागला.

निवृत्ती त्याच्या मागे उभा होता. ठकूबाई नदीवर गेली होती. आळीत सामसूम होती. समोर ती वाकलेली पाठ, मळकट अंगरखा, मानेवरचे पांढरे केस. निवृत्तीच्या मनात विचार असा आलाच नाही. त्याला फक्त एवढे दिसले की आकडा ज्या वहीत लिहिला आहे ती वही या माणसाच्या कमरेला आहे, पाणी तीन पुरुष खोल आहे, आणि म्हातारा पाय घसरून पडला असे कोणीही म्हणेल. त्याचे दोन्ही हात पुढे झाले. पाठ आणि हात यांत वीतभर अंतर राहिले.

"हे जरा धरा हो," विसाजीपंत मागे न पाहता म्हणाला, आणि दोरीचे मोकळे टोक त्याने खांद्यावरून मागे दिले. "मला गाठी मोजायच्यात."

दोरी निवृत्तीच्या हातात आली. त्याने ती धरली. विसाजीपंताने गाठी मोजल्या, दोरी वर ओढून घेतली, गुडघ्यांवर हात टेकत तो उठला.

"पंधरा दिवसांत तुमचं म्हणणं मांडा," तो म्हणाला. "चावडीवर या, लिहून घेतील." आणि साखळी खांद्यावर टाकून तो निघून गेला.

निवृत्ती तिथेच खाली बसला. बराच वेळ त्याला आपल्या हातांकडे पाहवेना.

शास्त्रीबुवा त्याच सकाळी परतले होते. उन्हे कलायच्या आत निवृत्ती त्यांच्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला. पायरीही न चढता त्याने घडलेले सगळे सांगितले. हात कुठवर गेले होते तेही सांगितले.

"मला कोतवालीत पोचवा, शास्त्रीबुवा," तो म्हणाला. "मी घरी राहिलो तर आणखी काय करीन, सांगता येत नाही."

शास्त्रीबुवांनी त्याला पाणी दिले. तो ते प्याला. मग त्यांनी विचारले, "विहीर खणणं हा गुन्हा आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

निवृत्तीने मान खाली घातली. ओसरीच्या कोपऱ्यात शिष्य पोथी उघडून बसला होता. त्याने बऱ्याच वेळात पान उलटले नव्हते. निवृत्ती काही बोलत नाही असे पाहून तो उठला.

"मी सांगितलं, गुरुजी."

शास्त्रीबुवा रागावले नाहीत. त्यांनी काठी घेतली, पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चला, विहीर पाहू."

परसात आल्यावर त्यांनी ओल्या काठाकडे पाहिले आणि शिष्याला म्हणाले, "विसाजीपंत जिथे बसले होते तिथे बस. तोंड विहिरीकडे कर."

शिष्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "गुरुजी, माती ओली आहे."

"आहे. बस."

तो बसला. मग शास्त्रीबुवा निवृत्तीकडे वळले. "आणि तू जिथे होतास तिथे उभा राहा."

"नको, शास्त्रीबुवा," निवृत्ती म्हणाला.

"उभा राहा. तू काही करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्याला ते ठाऊक नाही."

निवृत्ती उभा राहिला. शास्त्रीबुवा चार पावले दूर जाऊन दगडावर बसले आणि काहीच बोलेनात.

शिष्याच्या समोर काळे पाणी होते. पायाखालचे एक ढेकूळ सुटून आत पडले. त्याचा आवाज यायला जो वेळ लागला तो त्याला फार मोठा वाटला. पाठीमागे एका माणसाचा श्वास ऐकू येत होता. दोन दिवसांपूर्वी त्या माणसाला त्याने गुन्हेगार म्हटले होते. त्या वेळी तो शब्द कागदावरचा होता. आता त्याला वजन होते, दोन हात होते, आणि तो वीतभर अंतरावर उभा होता. शिष्याच्या मानेवर घाम आला. मागे वळून पाहावेसे वाटत होते. पण वळताना तोल जाईल याचीही भीती होती. त्याला कोणालातरी, स्वतःच्या आईला, हाक मारावीशी वाटली.

"ऊठ आता," शास्त्रीबुवा म्हणाले. "जपून."

शिष्य गुडघ्यांवर रांगतच मागे सरला. शास्त्रीबुवांनी दोघांना समोर बसवले.

"प्रत्येक गुन्हा बेकायदेशीर असतो, परंतु प्रत्येक बेकायदेशीर कृत्य हा गुन्हा नसतो," ते शिष्याला म्हणाले. "हे वाक्य तुझे पाठ आहे. त्याचा अर्थ तुला आज कळावा म्हणून तिथे बसवले. निवृत्तीने परवानगीवाचून विहीर खणली. हे कायद्याला धरून नाही. आडाचे पाणी आटले, लोकांचे नुकसान झाले. आपल्या कायद्यात यावर काय आहे? केलेले मोडून टाक, झालेले नुकसान भरून दे. एवढेच. त्या कलमात शिक्षा नाही. गुन्हा त्याला म्हणतात, ज्याला कायद्याने शिक्षा नेमून ठेवली आहे. ती का नेमतात? इजा एकाला होते आणि भय साऱ्या नगराला वाटते म्हणून. विसाजीपंत या पाण्यात गेले असते, तर फिर्याद त्यांच्या घरच्यांची एकट्यांची नसती. ती दरबारने आपली मानली असती, सगळ्यांच्या वतीने. विहीर उद्या बुजवता येईल. ते कृत्य कशाने बुजवले असते?"

शिष्याने विहिरीच्या ओल्या काठाकडे पाहिले.

"या दोहोंच्या मधे पुष्कळ जागा आहे," शास्त्रीबुवा पुढे म्हणाले. "बहुतेक माणसे जन्मभर त्या जागेत चुकतात, सुधारतात, आणि पलीकडे जात नाहीत. पलीकडे जायचे त्यांना भय वाटते म्हणून जात नाहीत. ते भय चांगले आहे. तू निवृत्तीला सांगितलेस की तो पलीकडेच उभा आहे. मग त्याला अडवायला काय उरले?"

निवृत्तीने विचारले, "मग मी आज सकाळी जे केलं, त्याला काय म्हणायचं?"

"तू काही केले नाहीस. हात पुढे झाले आणि थांबले. मनात आलेल्या गोष्टीला कायदा शिक्षा करत नाही. आणि तुझ्या हातून इजा झालेली नाही. पण मनात आले होते त्याचे काय करायचे, हे तुझे तूच ठरव."

दुसऱ्या दिवशी निवृत्ती विसाजीपंताच्या घरी गेला. त्याने सगळे सांगितले. विसाजीपंत चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"हे मला का सांगितलंत?" तो म्हणाला.

"माझ्या मनावर ओझं होतं, पंत."

"आता ते माझ्या मनावर राहील," विसाजीपंत म्हणाला, आणि उठून आत गेला.

निवृत्तीने हे शास्त्रीबुवांना येऊन सांगितले. "मला वाटलं होतं, सांगितलेलं बरं होईल," एवढेच ते म्हणाले.

चावडीवर निवृत्तीने आपली चूक कबूल केली. निकाल दोन ओळींचा होता: विहीर बुजवावी, आणि आडाचा गाळ स्वखर्चाने उपसून द्यावा. कोतवालाचे नावही त्यात नव्हते. ठकूबाईने तो निकाल दुसऱ्याकडून पुनःपुन्हा वाचवून घेतला आणि मग भिंतीला टेकून ती पहिल्यांदा रडली.

विहीर बुजवायला आठ दिवस लागले. पहिल्याच सकाळी शिष्य तिथे आला. त्याला कोणी पाठवले नव्हते. त्याने पाटी उचलली आणि माती टाकू लागला. त्याच्या हातांना फोड आले. निवृत्तीने ते पाहिले आणि त्याला पाटी अर्धीच भरून देऊ लागला. एकदा शिष्य म्हणाला, "मी चुकलो." निवृत्ती म्हणाला, "नियम मलाही ठाऊक होता." आणि काम पुढे चालू राहिले.

आठव्या दिवशी विसाजीपंत पाहणीला आला. या वेळी त्याच्याबरोबर दोन माणसे होती. काम पाहायला शास्त्रीबुवाही आले होते. जमीन सपाट झाली होती, खड्डा कुठेही उरला नव्हता. तरी तो दहा हात दूरच उभा राहिला, आणि निवृत्ती जिकडे जाई तिकडे त्याची मान वळत होती. निवृत्तीने ते ओळखले. तो जागेवरून हललाच नाही. हात समोर बांधून, दिसतील असे, उभा राहिला. विसाजीपंताने वहीत लिहिले, 'बेकायदेशीर विहीर बुजवली. प्रकरण निकाली.' आणि तो आपल्या दोन माणसांच्या मधून चालत निघून गेला.

परत येताना शिष्य शास्त्रीबुवांना म्हणाला, "गुरुजी, विसाजीपंत अजून घाबरतात."

"घाबरतील. किती दिवस, ते सांगता येणार नाही."

"आणि यात गुन्हा कोणाचाच नाही?"

"निवृत्तीचा नाही. तुझाही नाही. तू बोललास त्याला कोणत्याही कलमात शिक्षा नाही."

शिष्य थोडा वेळ काठीच्या आवाजाबरोबर चालत राहिला. शिक्षा असती तर भोगून मोकळे होता आले असते, असे त्याला वाटले; पण तसे तो म्हणाला नाही. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिले आणि आपला हात त्याच्या खांद्यावर टेकला.

ज्या शब्दाला कायद्यात शिक्षा नाही, तो उच्चारण्याआधी माणसाने अधिक वेळ थांबावे.